महाविद्यालयीन ग्रंथालयांतील पाकग्रंथ

पाकग्रंथ म्हणजे अन्नपदार्थ तयार करण्याची कृती, त्यासाठी लागणारे साहित्य व त्याचे प्रमाण, आणि त्या पदार्थाशी निगडित आहारविचार अथवा खाद्यपरंपरा यांची माहिती देणारा ग्रंथ होय. महाविद्यालयीन ग्रंथालयात या प्रकारचे ग्रंथ तीन भूमिकांत आढळतात : गृहविज्ञान, पोषणशास्त्र व हॉटेल व्यवस्थापन या विषयांची पाठ्यपुस्तके म्हणून, इतिहास, समाजशास्त्र व साहित्य यांच्या अभ्यासाची साधने म्हणून, आणि घरापासून दूर राहून स्वतःचे अन्न स्वतः शिजवणाऱ्या विद्यार्थ्यांची व्यवहारोपयोगी पुस्तके म्हणून.

मुंबई उपनगरातील सांताक्रूझ परिसरात या तिन्ही गरजा जवळजवळ नांदतात. सांताक्रूझच्या पूर्वेस कलिना येथे मुंबई विद्यापीठाचे विद्यानगरी संकुल व त्यातील जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे. पश्चिमेस जुहू मार्गावर श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे संकुल असून तेथे सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय आहे. एकीकडे मराठी, इतिहास व समाजशास्त्र, तर दुसरीकडे अन्नविज्ञान व पोषण यांचे अध्यापन होते. एकाच पाकग्रंथाकडे दोन वेगळ्या दृष्टींनी पाहणारा विद्यार्थिवर्ग त्यामुळे एका रेल्वेस्थानकाच्या दोन्ही बाजूंना आहे.

== संज्ञा ==

मराठीत या विषयासाठी पाकशास्त्र, पाककला, पाकक्रिया, पाककृती आणि सूपशास्त्र अशा संज्ञा वेगवेगळ्या काळात वापरल्या गेल्या. संस्कृतात 'सूप' याचा अर्थ शिजवलेली डाळ किंवा वरण असा असून 'सूपकार' म्हणजे स्वयंपाकी. त्यामुळे 'सूपशास्त्र' या नावाच्या ग्रंथात आजच्या अर्थाने केवळ सूपांच्या कृती असतील असा समज करून घेणे चुकीचे ठरते. 'पाककृती' हा शब्द आज एका विशिष्ट पदार्थाच्या लेखी कृतीसाठी रूढ आहे. 'खाद्यसंस्कृती' ही संज्ञा अधिक व्यापक असून तीत पदार्थांबरोबर पंगत, सणवार, उपवास, सोवळेओवळे, बाजार व शेती यांचाही समावेश होतो.

== ऐतिहासिक पार्श्वभूमी ==

=== संस्कृत ग्रंथ व तंजावरची परंपरा ===

दख्खनच्या खाद्येतिहासासाठी महत्त्वाचा मानला जाणारा एक जुना ग्रंथ म्हणजे मानसोल्लास किंवा अभिलषितार्थचिंतामणी. कल्याणीच्या चालुक्य वंशातील राजा सोमेश्वर तिसरा याने तो इ.स. ११२९च्या सुमारास रचला. हा स्वतंत्र पाकग्रंथ नसून राजजीवनाच्या सर्व अंगांचा कोश आहे. त्यातील 'अन्नभोग' या प्रकरणात राजाच्या भोजनातील पदार्थांचे वर्णन येते. मांडे, वडे आणि इडली-डोशाशी नाते सांगणाऱ्या पदार्थांचे उल्लेख त्यात असल्याने खाद्येतिहासाचे अभ्यासक या प्रकरणाचा वारंवार आधार घेतात.

सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी भोजनकुतूहल हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यांचा संबंध तंजावरच्या मराठा राजघराण्याशी होता. खाद्यपदार्थांचे वर्णन आणि त्यांचे आयुर्वेदोक्त गुणदोष यांची सांगड या ग्रंथात घातलेली आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी या ग्रंथातील उल्लेखांच्या साहाय्याने अनेक पदार्थांच्या इतिहासावर प्रकाश टाकला. तंजावरच्याच सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजी दुसरे (राज्यकाल १७९८–१८३२) यांच्या दरबाराशी संबंधित मराठी पाकशास्त्रविषयक लेखन जतन झाले असून ते 'शरभेंद्र पाकशास्त्र' या नावाने ओळखले जाते. महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या एका मराठी दरबाराच्या ताटात काय वाढले जात होते, हे त्यावरून समजते.

=== मुद्रित मराठी पाकग्रंथ ===

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे सूपशास्त्र (१८७५) हे मराठीतील आरंभीच्या मुद्रित पाकग्रंथांपैकी एक होय. स्वयंपाक हे घरातील स्त्रियांनी एकमेकींना हाताखाली घेऊन शिकवायचे काम मानले जात होते, त्या काळात तो विषय छापील गद्यात आला. या काळात स्त्रीशिक्षण नुकतेच मूळ धरत होते आणि पुस्तक विकत घेऊन वाचणारा वर्ग प्रामुख्याने पुरुषांचा होता, ही बाब हा ग्रंथ वाचताना लक्षात घ्यावी लागते.

पस्तीस वर्षांनी, १९१० साली, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया हे पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखिका मुंबईत फार पूर्वीपासून स्थायिक असलेल्या पाठारे प्रभू समाजातील होत्या. या पुस्तकात शाकाहारी पदार्थांबरोबर मांस व मासळीच्या पदार्थांनाही स्थान आहे. स्वयंपाकघरात प्रत्यक्ष काम करणारी व्यक्ती आणि पुस्तकाची लेखिका एकच असल्याने त्यातील कृतींना अनुभवाचा आधार आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील सुस्थित मराठी घराचा मुदपाकखाना कसा होता, याचे हे पुस्तक एक प्रमुख साधन आहे.

सारस्वत महिला समाजाच्या पुढाकाराने सिद्ध झालेले रसचंद्रिका हे अंबाबाई संशी यांचे पुस्तक चित्रापूर सारस्वत समाजाच्या पाककृतींचे संकलन आहे. मूळ मराठीत असलेल्या या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद पॉप्युलर प्रकाशनाने १९९१ साली प्रसिद्ध केला. पाककृतींबरोबर घरगुती औषधे व सणवार यांची माहितीही त्यात असल्यामुळे कारवार-कॅनरा किनाऱ्यावरून मुंबईत आलेल्या एका समाजाने आपली घरगुती स्मृती कशी जपली, हे त्यातून दिसते.

=== रुचिरा व त्यानंतरचा काळ ===

कमलाबाई ओगले (१९१३–१९९९) यांचे रुचिरा हे पुस्तक १९७० साली किर्लोस्कर प्रकाशनाने काढले. लेखिकेचा जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातील कुंडल येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण चौथीपर्यंतचे होते आणि स्वयंपाकाचे शिक्षण त्यांना मुख्यतः सासूबाईंच्या हाताखाली मिळाले. रुचिराच्या दीड लाखांहून अधिक प्रती खपल्या असून मराठीतील सर्वाधिक खपाच्या पाकग्रंथांत त्याची गणना होते.

या यशाचे मोठे कारण पुस्तकाच्या मापनपद्धतीत आहे. कमलाबाईंनी तराजूऐवजी वाटी व चमचा ही प्रत्येक घरात असणारी मापे वापरली. संयुक्त कुटुंबातून बाहेर पडून शहरात वेगळा संसार मांडणाऱ्या तरुण जोडप्यांना सासूबाई किंवा आजी हाताशी नसताना हे पुस्तक विचारता येत असे. मंगला बर्वे यांचे अन्नपूर्णा हे याच पिढीच्या वाचकवर्गात लोकप्रिय झालेले दुसरे पुस्तक होय. लग्नात भेट म्हणून देण्याची पुस्तके म्हणूनही ही दोन नावे मराठी घरांत परिचित आहेत.

== अभ्यासक्रमातील स्थान ==

=== गृहविज्ञान ===

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली पुणे येथे महिला विद्यापीठाची स्थापना केली. मातृभाषेतून शिक्षण आणि गृहजीवनशास्त्राचा अभ्यासक्रमात समावेश ही त्याची वैशिष्ट्ये होती. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिल्यानंतर १९२० साली विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे नाव देण्यात आले. पुढे १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य कार्यालय मुंबईस आले. स्वयंपाकाला विद्यापीठीय विषयाचा दर्जा देण्याबाबत दोन परस्परविरोधी मते त्या काळापासून मांडली जात आहेत. एका मतानुसार अशा अभ्यासक्रमामुळे स्त्रियांच्या घरकामास शास्त्राचे अधिष्ठान व प्रतिष्ठा मिळाली. दुसऱ्या मतानुसार त्यामुळे घरकाम हे स्त्रियांचेच काम असल्याचा समज अधिक पक्का झाला. आजचे गृहविज्ञान अन्नरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, समुदाय पोषण, वस्त्रशास्त्र व मानवविकास अशा शाखांत विस्तारलेले असून त्याचे स्वरूप गृहिणीधर्माच्या शिकवणीपेक्षा पुष्कळच वेगळे आहे.

=== व्यावसायिक पाकशिक्षण ===

मुंबईतील हॉटेल व्यवस्थापन व खानपान तंत्रज्ञानाची संस्था १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या नेतृत्वाखालील अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने सुरू केली. तिचे आरंभीचे वर्ग अंधेरीच्या भवन्स महाविद्यालयाच्या आवारात भरत. नंतर ती दादर येथील स्वतंत्र इमारतीत गेली. या संस्थेच्या प्राचार्य थंगम फिलिप यांचे मॉडर्न कुकरी फॉर टीचिंग अँड द ट्रेड हे इंग्रजी पुस्तक १९६०च्या दशकात प्रसिद्ध झाले आणि देशभरातील हॉटेल व्यवस्थापन अभ्यासक्रमांत पाठ्यपुस्तक म्हणून वापरले गेले. घरगुती पाकग्रंथ चार-सहा माणसांचा विचार करतो. व्यावसायिक पाठ्यपुस्तकात वजनी प्रमाण, अपेक्षित ताटांची संख्या, मोठ्या प्रमाणावरील शिजवण आणि खर्चाचा हिशेब यांना महत्त्व असते. या दोहोंतील भेद प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास पुस्तक निवडताना ठाऊक असावा लागतो.

=== पोषणमूल्यांचे तक्ते ===

पोषणशास्त्राच्या विद्यार्थ्यास पाककृतीचे रूपांतर ऊर्जा, प्रथिने, लोह, कॅल्शियम इत्यादींच्या आकड्यांत करावे लागते. त्यासाठी भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते वापरले जातात. कुन्नूर येथे डब्ल्यू. आर. ऐक्रॉइड यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली पुस्तिका १९३७ साली प्रसिद्ध झाली. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतर्फे सी. गोपालन व सहकाऱ्यांचा न्यूट्रिटिव्ह व्हॅल्यू ऑफ इंडियन फूड्स (१९७१) हा संदर्भग्रंथ आला आणि तो अनेक दशके प्रमाणभूत राहिला. त्याच संस्थेने २०१७ साली ५२८ अन्नपदार्थांचे नवे तक्ते प्रसिद्ध केले. जुन्या व नव्या तक्त्यांतील आकडे अनेक ठिकाणी वेगळे असल्याने प्रकल्पात कोणता तक्ता वापरला हे नमूद करणे आवश्यक असते.

== मापांचा प्रश्न ==

जुने पाकग्रंथ वाचताना येणारी सर्वांत मोठी अडचण मापांची आहे. भारतात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला व १ ऑक्टोबर १९५८पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यापूर्वीच्या पुस्तकांत शेर, छटाक, तोळा व मासा ही वजने येतात. प्रमाण मापांनुसार १ तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, ५ तोळ्यांचा छटाक सुमारे ५८ ग्रॅम, आणि ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅम होतो.

मात्र सर्व ठिकाणी शेर एकच नव्हता. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा व शेर त्याचा चाळिसावा भाग, म्हणजे ०.७ पौंड किंवा सुमारे ३१७ ग्रॅम इतका होता. म्हणजेच एकाच 'शेर' या शब्दाचा अर्थ लावताना जवळजवळ तिपटीचा फरक पडू शकतो. त्यातच शेर हे धान्य मोजण्याचे आकारमानाचे मापही होते. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली असा त्याचा सर्वसाधारण क्रम असे. त्यामुळे जुन्या पुस्तकातील 'एक शेर तांदूळ' हा वजनाचा की मापाचा, आणि कोणत्या प्रदेशाचा, हे पुस्तकाच्या प्रस्तावनेवरून, प्रकाशनस्थळावरून किंवा त्याच कृतीतील अन्य जिन्नसांच्या प्रमाणावरून ठरवावे लागते. अर्धा शेर डाळीला चार शेर पाणी असे प्रमाण दिले असेल, तर शेराचे नेमके वजन माहीत नसतानाही एकास आठ हे प्रमाण हाती लागते.

वाटी-चमच्याच्या पद्धतीचे बळही याच तत्त्वात आहे. उपम्यासाठी एक वाटी रव्यास अडीच वाट्या पाणी सांगितले असल्यास वाटी १५० मिलिलिटरची असो की २०० मिलिलिटरची, रवा व पाणी यांचे परस्परप्रमाण कायम राहते. या पद्धतीच्या दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की, वाटी बदलली तरी चमचा तोच राहतो. मोठ्या वाटीत एक तृतीयांश अधिक रवा मावतो, पण मीठ चमच्याने मोजल्यामुळे तेवढेच पडते व पदार्थ अळणी होतो. दुसरी अशी की, पोषणमूल्यांच्या हिशेबाला ग्रॅममधील वजन लागते आणि ते वाटीवरून थेट मिळत नाही. म्हणून पोषणशास्त्राच्या प्रात्यक्षिकात घरगुती मापाने घेतलेला जिन्नस आधी तराजूवर तोलून त्याचे वजन नोंदवण्याची शिस्त लावली जाते.

मापांखेरीज काही पारिभाषिक शब्दही नव्या वाचकास अडवतात. पीठ भिजवण्यापूर्वी त्यात घातलेले कडकडीत तेल वा तूप म्हणजे मोहन. साखरेच्या पाकाची दाटी बोटांनी तपासून एकतारी, दोनतारी व गोळीबंद अशी सांगितली जाते. गोळीबंद पाक हा साधारणतः ११२ ते ११६ अंश सेल्सियस तापमानास येतो, असे पाकमापीने पडताळता येते. 'वरखाली निखारे' ही सूचना भट्टी नसलेल्या काळातील भाजण्याची रीत दर्शवते. पातेल्याच्या झाकणावर व तळाशी निखारे ठेवून पदार्थास दोन्ही बाजूंनी आच दिली जाई.

== प्रतिनिधित्व ==

पाकग्रंथात कोणत्या घरांचे अन्न आले व कोणत्या घरांचे आले नाही, हा अलीकडच्या अभ्यासातील कळीचा प्रश्न आहे. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ सालच्या एका प्रसिद्ध निबंधात इंग्रजी पाकग्रंथ व शहरी मध्यमवर्ग यांच्यामुळे 'भारतीय पाकशैली' ही कल्पना कशी आकारास आली, याचे विवेचन केले. मराठीतील बहुतेक लोकप्रिय पाकग्रंथ शिक्षित, शहरी आणि प्रामुख्याने उच्चवर्णीय घरांतून आले. त्यामुळे 'महाराष्ट्रीय पदार्थ' या नावाखाली पुरणपोळी, आळूची भाजी, मसालेभात यांची नोंद विपुल झाली. दुष्काळी प्रदेशातील रानभाज्या, वाळवून ठेवलेले मांस किंवा मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबांचे रोजचे कोरड्यास त्या मानाने कमी नोंदले गेले.

शाहू पाटोळे यांचे अन्न हे अपूर्णब्रह्म (२०१५) हे पुस्तक या उणिवेकडे थेट लक्ष वेधते. मराठवाड्यातील दलित समाजांच्या अन्नाची, त्यातील टंचाईची व त्यामागील सामाजिक बंधनांची नोंद त्यात आहे. 'अन्न हे पूर्णब्रह्म' या सर्वपरिचित वचनात 'अ' घालून घेतलेले शीर्षकच ग्रंथाची भूमिका सांगते. भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ साली प्रसिद्ध झाला. सई कोरान्ने-खांडेकर यांच्या पंगत, अ फीस्ट (२०१९) या इंग्रजी पुस्तकात मराठी भाषकांच्या विविध प्रदेशांतील व समाजांतील पदार्थ एकत्र आणलेले आहेत.

सांताक्रूझच्या संदर्भात हा प्रश्न स्थानिकही आहे. जुहू कोळीवाड्यातील कोळी आणि कलिना-वाकोला भागातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती हे या परिसराचे जुने रहिवासी होत. ईस्ट इंडियन घरांत उन्हाळ्यात अनेक जिन्नस भाजून, कुटून तयार होणारा आणि बाटल्यांत ठासून भरला जाणारा 'बॉटल मसाला' घराघरांत वेगळ्या प्रमाणाने होतो. कोळी घरांतील सुके बोंबील, जवळा व सुकट यांच्या कृती मासळीच्या हंगामाशी बांधलेल्या असतात. अशा कृती प्रामुख्याने मौखिक परंपरेने चालत आल्या आहेत. एक पिढी स्वयंपाकघरातून निवृत्त झाली की त्या घराचे प्रमाणही तिच्याबरोबर जाते.

== साहित्यातील अन्न ==

पाककृती नसलेली, परंतु अन्नाविषयी महत्त्वाचा मजकूर असलेली पुस्तके विद्यार्थ्यांस तितकीच उपयुक्त ठरतात. विदुषी दुर्गा भागवत (१९१०–२००२) यांचे खमंग हे पुस्तक पाककृती व लोकसंस्कृतीचा अभ्यास यांच्या सीमेवर उभे आहे. पु. ल. देशपांडे यांचा 'माझे खाद्यजीवन' हा लेख हसवणूक या संग्रहात आहे. लक्ष्मीबाई टिळक यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात वडिलांच्या कडक सोवळ्याचे व त्याखाली दबलेल्या घराचे चित्रण येते. स्वयंपाकघरातील शुद्धाशुद्धतेच्या कल्पनांचा अभ्यास करणाऱ्यास कोणत्याही पाकग्रंथापेक्षा ते अधिक माहिती देते. भारतीय अन्नाच्या इतिहासासाठी के. टी. अचया यांचे इंडियन फूड : अ हिस्टॉरिकल कम्पॅनियन (१९९४) आणि त्यानंतरचा खाद्यविषयक कोश (१९९८) हे प्राथमिक संदर्भ मानले जातात.

== वर्गीकरण व शोध ==

अन्नविषयक पुस्तके ग्रंथालयात एका कपाटात सापडत नाहीत. ड्युई दशांश वर्गीकरणात पाककृती ६४१.५ या अंकाखाली येतात व भारतीय पाककृतींसाठी ६४१.५९५४ हा अंक होतो. आहारशास्त्र ६१३.२ येथे, अन्नतंत्रज्ञान ६६४ येथे, खाण्यापिण्याच्या चालीरीती ३९४.१ येथे आणि हॉटेल-उपाहारगृहांचे व्यवस्थापन ६४७.९५ येथे असते. मराठी साहित्याचा अंक ८९१.४६ असल्यामुळे 'माझे खाद्यजीवन' हा लेख ललित गद्याच्या रांगेतच सापडतो. पहिले तीन अंक पाहता एकाच ज्वारीच्या भाकरीविषयीची पुस्तके तंत्रज्ञान, वैद्यक व समाजशास्त्र या तीन विभागांत विखुरलेली असू शकतात. म्हणून कपाट चाळण्याबरोबरच तालिकेत विषयशीर्षकाने शोध घेणे आवश्यक असते. मराठी शीर्षकांच्या बाबतीत 'पाकशास्त्र', 'पाककला', 'पाककृती', 'स्वयंपाक' आणि 'आहार' हे सर्व शब्द वापरून पाहावे लागतात.

== देवघेव व जतन ==

ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिले सूत्र असे की, ग्रंथ हे उपयोगासाठी असतात. पाकग्रंथाच्या बाबतीत हे सूत्र व जतनाची गरज यांच्यात विशेष ताण निर्माण होतो. हे पुस्तक ओट्यावर उघडे ठेवून वापरले जाते. त्यावर तेलाचे, हळदीचे व पाण्याचे डाग पडतात, बांधणी सुटते आणि आवडत्या पदार्थाचे पान प्रसंगी फाडले जाते. सर्वाधिक वापरलेले पुस्तक सर्वांत आधी बाद होते. घराघरांतून वापरली गेलेली जुनी पुस्तके चांगल्या स्थितीत क्वचितच मिळतात.

दुसरी अडचण आवृत्त्यांची आहे. पाकग्रंथाच्या नव्या आवृत्तीत शेराच्या जागी ग्रॅम, चुलीच्या जागी गॅस व पाट्या-वरवंट्याच्या जागी मिक्सर येतो. काही पदार्थ गळतात व नवे जोडले जातात. स्वयंपाक करणाऱ्या वाचकास नवी आवृत्ती सोयीची असते, तर इतिहासाच्या अभ्यासकास जुनी हवी असते. 'नवी प्रत आली, जुनी काढून टाका' हा नियम पाकग्रंथांना सरसकट लावल्यास बदलाचा पुरावाच नाहीसा होतो. यावर उपाय म्हणून उपलब्ध सर्वांत जुन्या आवृत्तीची प्रत संदर्भ विभागात ठेवावी व नव्या आवृत्तीच्या प्रती देवघेवीसाठी द्याव्यात, अशी विभागणी करता येते. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी ग्रंथ स्वामित्वहक्कातून मुक्त होत असल्याने एकोणिसाव्या शतकातील पाकग्रंथांचे अंकीकरण करण्यास सहसा कायद्याची अडचण उरत नाही.

== विद्यार्थ्यांच्या गरजेनुसार निवड ==

वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहून प्रथमच स्वयंपाक करणाऱ्या विद्यार्थ्यास वाटी-चमच्याच्या मापाचे, रोजच्या वरणभात-पोळीभाजीपासून सुरुवात करणारे मराठी पुस्तक सोयीचे पडते. चार-सहा माणसांसाठी दिलेली कृती एकट्यासाठी करताना सर्व जिन्नस सारख्या प्रमाणात कमी करता येतात. शिजवताना लागणारे पाणी व वेळ मात्र त्याच हिशेबाने कमी होत नाहीत, कारण थोड्या पदार्थातूनही वाफ तितक्याच वेगाने जाते. पोषणशास्त्राच्या विद्यार्थ्यास पाकग्रंथ व अन्नघटकांचे तक्ते जोडीने वापरावे लागतात. इतिहास व साहित्याच्या विद्यार्थ्याने पाककृतीबरोबर प्रस्तावना, अर्पणपत्रिका, जाहिराती व किंमतही वाचणे उपयुक्त असते, कारण पुस्तक कोणासाठी काढले होते हे तेथेच उघड होते.

== पाककृतींची नवी नोंद ==

मौखिक परंपरेतील पाककृती नोंदवणे हा गृहविज्ञान, समाजशास्त्र व मराठी या तिन्ही विषयांत करता येण्याजोगा प्रकल्प आहे. अशी नोंद उपयोगी ठरण्यासाठी पुढील बाबी आवश्यक समजल्या जातात.

* पदार्थ करणाऱ्या व्यक्तीची संमती, तसेच तिचे गाव व बोलीतील शब्द जसेच्या तसे टिपणे.
* 'चिमूटभर', 'मूठभर', 'अंदाजाने' असे सांगितलेले जिन्नस भांड्यात पडण्यापूर्वी तोलणे, आणि मूळ शब्द व वजन दोन्ही लिहिणे.
* भांड्याचा प्रकार, चुलीचा वा शेगडीचा प्रकार व लागलेला वेळ नोंदवणे.
* पदार्थ कोणत्या ऋतूत, सणाला वा टंचाईच्या काळात केला जात असे, हे विचारणे.
* मिळेनासा झालेला जिन्नस आणि त्याच्या जागी आलेला पर्याय यांची वेगळी नोंद ठेवणे.

कमलाबाई ओगले यांनी सासूबाईंच्या हाताखाली शिकलेले ज्ञान वाटी-चमच्याच्या मापात बसवून छापील पानावर आणले. तेच काम ज्या घरांबाबत अद्याप झालेले नाही, त्या घरांतील विद्यार्थी आज महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांनी केलेल्या नोंदी प्रकल्पवहीत पडून न राहता ग्रंथालयाच्या तालिकेत आल्यास पुढच्या वाचकास त्या मागता येतात.

== हेही पाहा ==

* महाराष्ट्रीय खाद्यसंस्कृती
* गृहविज्ञान
* कमलाबाई ओगले
* ड्युई दशांश वर्गीकरण
* सांताक्रूझ